पडदा समुद्राकडे पाठ करून

'या, वाळूत बसून लघुपट पाहूया!' अशी चाळीस पोस्टरं मी छापून घेतली होती. ती सगळी रद्दीत गेली. नानांनी चष्मा कपाळावर सरकवून पोस्टर वाचलं आणि एवढंच विचारलं, "आणि पिल्लं कुठं जातील मग?"

नाना आमच्या गावचे कासवमित्र. गाव दापोली-मंडणगड पट्ट्यातलं. वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं आणि पुढे ते किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरलं, त्यातलंच आमचं एक. आमची हॅचरी म्हणजे अंडी सुखरूप उबावीत म्हणून पुळणीवर जाळी मारून बंद केलेली खोलीएवढी जागा. यंदा ती जाळी खाऱ्या हवेनं इतकी गंजली होती की बोट लावलं तरी तार तुटायची. बाहेर कुत्री, कोल्ही टपलेली. नव्या जाळीसाठी पैसे हवे होते आणि दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरायची मला लाज वाटत होती, खरं तर म्हणूनच लघुपट दाखवून डब्यात पैसे जमवायचा हा कार्यक्रम निघाला. पुण्यात समुद्र-डोंगरांवरचे असे लघुपट बरेच पाहिले होते. इथे तर समुद्रच आहे, आणखी काय हवं, असं वाटलं.

चुकलं ते तिथेच. ऑलिव्ह रिडले, म्हणजे आमच्याकडे अंडी घालायला येणारी समुद्री कासवं, त्यांची पिल्लं वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेनं धावतात. काळोखात सगळ्यात उजळ समुद्रच दिसतो, म्हणून ती बरोबर पाण्याला लागतात. किनाऱ्यावर दिवा असला की उलटी फिरतात आणि गवतात, रस्त्यावर जाऊन मरतात. अंडी घालायला येणारी मादीसुद्धा उजेड बघून माघारी जाते. हे सगळं मला माहीत होतं, दोन वर्षं मी पर्यटकांना सांगत होतो! तरी प्रोजेक्टर हाही दिवाच, हे काही सुचलं नाही. कासवांसाठी कार्यक्रम आणि कासवांनाच चकवा.

मग जागा बदलली. सुरूच्या बनामागे शाळेचं पटांगण आहे, तिथे पडदा समुद्राकडे पाठ करून लावायचा ठरलं. प्रोजेक्टर समुद्राकडे तोंड करून असला तरी मध्ये पडदा, त्यामागे शाळेची इमारत आणि तिच्यामागे सुरू. नाना आदल्या रात्री स्वतः वाळूवर जाऊन उभे राहिले आणि मी इकडून प्रोजेक्टर लावला. अर्ध्या तासानं येऊन म्हणाले, "चालेल. पण आवाज येतो."

आवाजावरून परवानग्यांकडे येतो. लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी, त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, त्यासाठी शाळेचं पत्र. ही साखळी मला उलट्या टोकाकडून कळली, त्यामुळे तीन खेपा फुकट गेल्या. दहाच्या आत बंद, ही अट तर सगळीकडेच असते. खरी कात्री लागली लघुपटांना. लोकांसमोर जाहीरपणे चित्रपट दाखवायचा तर 1952 च्या कायद्याप्रमाणे त्याला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, मग तो पाच मिनिटांचा का असेना. शिवाय बनवणाऱ्याची लेखी परवानगी. इंटरनेटवर फुकट दिसतो म्हणजे गावात दाखवायला मोकळा, असं नसतं. अकरा निवडले होते, दोन्ही कागद असलेले चारच निघाले. त्यातला एक बनवणाऱ्या बाईंनी मानधन नको म्हणून कळवलं, फक्त जाळी बसली की फोटो पाठवा म्हणाल्या.

तारखेचा घोळ वेगळाच. शिमग्याला चाकरमानी मुंबईहून येतात, गाव भरलेलं असतं, तेव्हा करूया असं सरपंचताईंचं म्हणणं. पण तेव्हा पुनवेचं टिपूर चांदणं, पडद्यावर काही दिसणार नाही. आणि पालखी घरोघर फिरत असताना माझे लघुपट बघायला कोण येणार? पाडव्याआधीची अवस काळोखाला उत्तम, पण "अवसेला कशाला रे बाबा" हे चार जणांनी सांगितलं. शेवटी अवसेच्या आधीचा शनिवार धरला. वद्य पक्षात चंद्र उशिरा वर येतो, संध्याकाळ काळोखीच मिळते.

पडदा म्हणजे शिवून घेतलेलं पांढरं मांजरपाट. चारच्या सुमारास बांधला आणि खारा वारा त्यात असा भरला की शीडच झालं. दोन बांबू वाकले, एक मोडला. बंदरावरचे एक मामा हे बघत बिडी ओढत होते. ते आले, कापडामागे जुनं जाळं ताणून बांधलं, खालच्या काठाला जाळ्याची शिशाची वजनं ओवली, आणि म्हणाले, "आता गप बस. दिवस बुडाला की वारा पडंल." तसंच झालं. सातनंतर कापड भिंतीसारखं स्थिर.

शंभर-सव्वाशे माणसं आली. लघुपटांतलं निवेदन इंग्रजी, म्हणून नववीच्या दोन मुली माइकवर मराठीतून वाचत होत्या. एकीनं ओळ चुकवली आणि देवमाशाच्या दृश्यावर कांदळवनाची माहिती गेली, त्यावर पोरं जाम हसली. दुसऱ्या लघुपटाला पुढच्या रांगेतली दोन आजोबा मंडळी चक्क झोपली. डोंगरकड्यावर दोर लावून चढणारे ते लोक आमच्या गावाला फारसे भावले नाहीत, हे मान्य करायला हवं.

रंगले ते नानांचे फोटो. प्रमाणपत्र चित्रपटाला लागतं, फोटोंना नाही, म्हणून त्यांच्या मोबाइलमधले तीस फोटो मी मध्ये घुसडले होते. पहाटेच्या वाळूवर कासवाच्या येण्या-जाण्याच्या खुणा, ट्रॅक्टर गेल्यासारख्या. नाना काठी घेऊनच उभे राहिले. वाळूत काठी हलकेच दाबत जायचं, जिथे भसकन आत गेली तिथे घरटं. "पूर्वी हीच काठी आम्ही अंडी खायला काढायसाठी वापरायचो," असं ते सहज बोलून गेले आणि मागून कुणीतरी "मीपण!" म्हणून ओरडलं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवसांनी पिल्लं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर, हे ऐकून बायकांमध्ये बराच वेळ खसखस पिकली. 2022 मध्ये वेळासला जिच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं त्या 'प्रथमा' नावाच्या कासविणीबद्दल तर प्रश्नच प्रश्न: चार्जिंग कोण करतं इथपर्यंत.

साडेनऊला संपलं. लोक उठले आणि मांडववाल्या पोरानं, चपला दिसाव्यात म्हणून, गच्चीवरचा हॅलोजन लावला. थेट सुरूच्या वरून वाळूवर. नाना माइक हातात असताना ओरडले, "बंद कर! आधी बंद कर तो!" अख्ख्या वाडीला ऐकू गेलं असणार. दिवा गेला. मी लाल जिलेटिन कागद लावलेल्या चार विजेऱ्या आणल्या होत्या, त्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी. त्यांच्या मिणमिणत्या लाल उजेडात सव्वाशे माणसं वाकून चपला शोधू लागली.

डब्यात अकरा हजार तीनशे चाळीस रुपये निघाले. जाळीला पुरले, खांबांना कमी पडले. मी घरी आलो तो एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात कुणाची तरी, एक नंबर मोठी. सकाळी चहाच्या टपरीवर मामा बसले होते, पाय बाकाखाली लपवून.