पहिलं अक्षर सांगू?

दुपारी जिऱ्याची पुडी डब्यात रिकामी केली आणि कागद चुरगळणार, तेवढ्यात त्यावरचं शब्दकोडं दिसलं. अर्धवट सोडवलेलं, निळ्या बॉलपेनने. सूचना फाटून दुसऱ्या कुणाच्या तरी धण्यांबरोबर गेल्या होत्या, हाती आली होती नुसती चौकट. वरच्या आडव्या ओळीत 'शतदल' आणि त्याच्या 'श'वरून खाली उतरलेला शब्द 'शवनी'.

शवनी! हा काय प्रकार? मग उलगडलं. उभ्या शब्दात पृथ्वी विचारलेली असणार. सोडवणाऱ्या बुवांना 'अवनी' पक्कं ठाऊक होतं, पण डोक्यावर 'श' येऊन बसलेला. पेनाने लिहिलेलं शतदल खोडायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी सरळ पृथ्वीचंच नाव बदललं. वरची सूचना 'कमळ' होती हे सांगायला ज्योतिषी नको. तिथे 'अरविंद' हवा होता. हे गृहस्थ (गृहस्थच असणार, इतक्या ठामपणे चुकायला बायकांना वेळ नसतो) एकटेच कोडं सोडवत होते, एवढं मात्र नक्की. शेजारी कुणीही असतं तरी शवनी टिकली नसती.

आमच्या घरी एकट्याने कोडं सोडवायची पद्धतच नव्हती. आजोबा पेपराची घडी वहीवर ठेवायचे, पेन्सिलीला ब्लेडने टोक काढायचे आणि सूचना खणखणीत आवाजात वाचायचे. कमळं, हत्ती आणि अर्जुनाची सगळी नावं त्यांच्या ताब्यात. पार्थ बसला नाही तर किरीटी, किरीटी नाही तर धनंजय, तोही जमला नाही तर सव्यसाची. नट-नट्या आणि क्रिकेट काकाकडे. पण 'ताक घुसळण्याचे साधन, दोन अक्षरी' आलं की आजोबा नुसतेच छताकडे बघत. मग आतून आवाज यायचा, "रवी! रोज वाटीभर ताक पिता ना?" आजी चौथीपर्यंत शिकलेली. रोळी, वैल, उतरंड, शिंकाळं हे सगळं तिच्या मुलखातलं, आणि कोडं करणाऱ्यांना हे शब्द फार आवडतात. दिवसाआड एखादा तरी येतोच.

आम्हा मुलांसाठी एक नियम होता. उत्तर फोडायचं नाही. ज्याला येतंय त्याने फार तर विचारायचं, "पहिलं अक्षर सांगू?" आणि समोरच्याने हो म्हटलं तरच सांगायचं. आजोबा तर तेवढंही देत नसत. "व आहे. काना-मात्रा तू बघ." तेव्हा हा कंजूषपणा वाटायचा, आता पटतो. 1913 सालच्या डिसेंबरात आर्थर विन नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या एका पेपरात पहिलं शब्दकोडं छापलं, ते इंग्रजीत. त्यांच्या एका घरात एक लेटर, म्हणजे चिमूटभर माहिती. आपल्या एका घरात 'ष्ट्र'सुद्धा ऐसपैस मावतो. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर मात्रेसकट सांगितलं की एक तृतीयांश उत्तर देऊन मोकळे. नुसता 'व' मात्र बरोब्बर मदत. वामन, विनय, वेदना, वैशाख, सगळी दारं अजून उघडी.

शब्दकोडं हे एकेकाळी पोलिसी प्रकरण होतं, असं आजोबा रंगवून सांगत. पोलीस ही त्यांची भर, बाकीचं खरं. तेव्हाच्या बक्षिसांच्या कोड्यांत एकाच जागी दोन-दोन शब्द चपखल बसायचे, आणि त्यातला 'बरोबर' कुठला हे आयोजकांच्या बंद पाकिटात आधीच ठरलेलं असायचं. म्हणजे डोकं चालवून उपयोग नाही, नशीबच चालवायचं. मुंबई सरकारने 1948 साली कायदा करून कर लावला. मग बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातल्या 'आर. एम. डी. सी.' नावाच्या बक्षिसी कोड्यांवरून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, आणि हा धंदा नाही, जुगार आहे, असा निकाल 1957 साली लागला. त्याआधी 1955 च्या केंद्राच्या कायद्याने महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस आणि एका स्पर्धेला दोन हजारांच्या वर प्रवेशिका नकोत, असं ठरवून टाकलंच होतं. आजोबांचं म्हणणं एवढंच की पैसे आले की माणूस शेजाऱ्याला शब्द सांगेनासा होतो. कोर्टाने हा मुद्दा घेतला नाही.

नोकरीला लागल्यावर मी डोंबिवलीहून लोकलमध्ये कोडं सोडवायची. शेजारी मटार सोलणाऱ्या एक बाई असत. नजर माझ्या पेपरात, बोटं शेंगांत, एक दाणा खाली पडायचा नाही. एकदा मी 'रात्र, चार अक्षरी'पाशी अडले. निशा, रजनी, यामिनी सगळ्या आखूड पडत होत्या. बाई म्हणाल्या, "माझ्या नणंदेचं नाव."

"तुमच्या नणंदेचं नाव मला कसं माहीत असणार?"

"ओळखा की. तिसरा व आलाय तुमचा."

घाटकोपरला मटारची पिशवी सावरत उतरून गेल्या, नाव न सांगता. दादर येता येता मला 'विभावरी' सुचलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "काल रात्री तिचा फोनही आला होता. मी काही बोलले नाही."

आता आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्या सकाळी कोड्याचा फोटो टाकते आणि खाली लिहिते, 'बारा आडवा अडलाय.' मिनिटाच्या आत न्यू जर्सीचा भाचा अख्खं उत्तर टाकतो. त्याला मराठी वाचता येतं, एवढंच; बाकी काम गूगल करतं. आत्या अंगठा दाखवते आणि त्या दिवशी पुढचं काही विचारत नाही. मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा शब्दकोश उघडला तर मला चालतं, कारण एका शब्दासाठी गेलेला माणूस दुसरेच चार घेऊन परततो आणि मूळचा विसरतो. भाच्याला हे पटवायला गेले, तर तो म्हणाला, "मावशी, उत्तर तर तेच ना?" आहे तेच. माझ्याकडे यावर काही उत्तर नव्हतं.

आजोबांना शेवटच्या वर्षांत अर्धांगाचा झटका आला. बोलणं राहिलं, शब्द गेले. वस्तू डोळ्यांसमोर दिसायची आणि नाव येता येत नसे. "ते... डोळ्यांचं... काच... दोन..." अशी सूचनाच्या सूचना द्यायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे. स्पीच थेरपिस्टने बजावलं होतं की, शब्द लगेच पुरवू नका. थांबा. फारच अडलं तर पहिला आवाज काढून द्या, पुढचं त्यांना शोधू द्या. ते ऐकून मी आणि काका एकमेकांकडे बघितलं. त्यांच्याच नियमाने त्यांच्याशी वागायचं होतं, आणि ते इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. कोड्यात शब्द सापडला नाही तर घर कोरं राहतं. इथे समोर माणूस घामाघूम व्हायचा.

आम्ही आपले शेजारी बसून "च... च..." करत राहायचो. कधी 'चमचा' यायचा, कधी 'चहा'. तेवढ्यात आजी ओल्या हाताने खुंटीवरची पिशवी चाचपायची, चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवायची आणि आमच्यावर डाफरायची, "आधी चष्मा द्या त्यांना. कोडी मग घाला."