पंचेचाळीस भागाकार आणि एक शेरा

"म्हंजे डोक्यानं कमी हाय का ती, बाई?"

पालक सभेत चौथीतल्या एका मुलीच्या आईनं हे विचारलं. मी नुकतंच म्हटलं होतं, "पोरगी फार मेहनती आहे तुमची." प्रशिक्षणात घोटून घेतलेलं वाक्य: मुलाला हुशार म्हणू नका, प्रयत्नांचं कौतुक करा. आईनं ते ऐकून मान खाली घातली. पाचच मिनिटांपूर्वी शेजारच्या बाकावरच्या मुलाबद्दल मी "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" म्हणाले होते, आणि तेही तिच्या कानावर पडलं होतं. दोन वाक्यं शेजारी ठेवायला तिला कितीसा वेळ लागणार?

तिनं लावलेला अर्थ बरोबरच होता. शाळेच्या भाषेत मेहनती, कष्टाळू, होतकरू हे शब्द कुणासाठी राखून ठेवलेले असतात ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. स्थळ सांगताना 'स्वभावानं चांगली आहे' म्हणतात, तशातलाच हा प्रकार. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना चांगली होती. आता या नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि सत्र संपताना त्यातल्या ओळी उतरवल्या जातात. 'विशेष प्रगती'त काहीच सुचलं नाही की 'कष्टाळू आहे'. मीही तेच केलेलं आहे.

सभा आटोपल्यावर त्या मुलीची गणिताची वही पुन्हा उघडली. एका अंकानं तीन अंकी संख्येला भागायचे ३२ भागाकार होते. २३ बरोबर, ९ चूक. खाली माझाच शेरा: 'मेहनत छान. चुकलेली गणितं पुन्हा सोडव.' पुढच्या चार पानांवर तिनं ती नऊ गणितं प्रत्येकी पाच वेळा सोडवली होती. पंचेचाळीस भागाकार, सुवाच्य अक्षरात, पट्टीनं रेघा मारून, आणि पंचेचाळीसही चूक. त्या पानांवरही मी 'छान' लिहून सही केली होती.

नऊच्या नऊ चुका एकाच जातीच्या होत्या. ६१८ भागिले ६, उत्तर १३. ८२४ भागिले ८, उत्तर १३. ५३५ भागिले ५, उत्तर १७. भागाकाराच्या मध्ये शून्य यायला हवं तिथे ते गळालं होतं. १०३ चे १३ आणि १०७ चे १७ झाले होते. बरोबर आलेल्या २३ गणितांत मध्ये शून्य येतच नव्हतं. पाढे चोख, वजाबाकी चोख. म्हणजे हा धांदरटपणा नव्हता आणि सरावाची कमतरताही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवलं आणि ६१८ भागिले ६ मोठ्यानं बोलत सोडवायला सांगितलं. "सहा एके सहा. खाली एक उतरवला. एकाला सहानं भाग जात नाही, म्हणून पुढचा आठ घेतला. अठरा. साही त्रिक अठरा."

'भाग जात नाही, म्हणून पुढचा अंक घेतला' हे वाक्य माझंच होतं. आदल्या आठवड्यात २४६ भागिले ६ शिकवताना मी फळ्यावर तेच म्हणाले होते: दोनला सहानं भाग जात नाही, म्हणून चोवीस घ्यायचे. सुरुवातीला हे चालतं, कारण तिथलं शून्य लिहायची गरज नसते. ०४१ म्हणजे ४१च. मध्ये मात्र ते शून्य दशकाची जागा धरून ठेवतं. नियम कुठपर्यंत लागू, ते मी सांगितलंच नव्हतं. मुलीनं तो उचलला, नव्या जागी लावला आणि नऊही ठिकाणी न डगमगता सारखाच लावला. याला डोकं लागतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या पानांवर होतं आणि मी त्यावर 'मेहनत छान' लिहून मोकळी झाले होते.

मांडणीचाही हात होता. घरी मोठ्या भावानं तिला जुन्या पद्धतीनं भागाकार उजवीकडे कंसात लिहायला शिकवलं होतं. तिथे १ आणि ३ शेजारी बसले तरी खुपत नाही. भागाकार भाज्याच्या वर, अंकाच्या डोक्यावर अंक असा लिहिला, तर दशकावरची जागा रिकामी दिसते.

मग खेळातल्या नोटा काढल्या. शंभराच्या सहा, दहाची एक, एकाची आठ नाणी, आणि सहा ताटल्या. शंभराची एकेक नोट वाटून झाली. दहाची नोट हातात धरून ती थांबली. एक नोट सहा जणांत कशी वाटणार? मोड करून आणली. दहा आणि आठ अठरा नाणी, प्रत्येक ताटलीत तीन. "एका ताटलीत किती?" "एकशे तीन." मग वहीतल्या तेराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सहा तेरं अठ्ठ्याहत्तर, तेही तिनंच सांगितलं. आता भागाकाराआधी भाज्यावर श, द, ए अशा तीन चौकटी काढायच्या आणि एकही रिकामी ठेवायची नाही, एवढंच ठरवलं. भागण्याआधी अंदाजही करायचा: ६१८ रुपये सहा जणांत, म्हणजे शंभर तरी येणारच.

प्रशिक्षणातलं ते वाक्य ज्या प्रयोगातून आलं तो क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा, १९९८ साली छापलेला. अमेरिकेतल्या पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी दिली. काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलेली दिसतेस'. मग अवघड कोडी देऊन सगळ्यांनाच 'जमलं नाही' सांगितलं, आणि नंतर पुन्हा सोपी दिली. हुशार म्हटलेली मुलं घसरली, मेहनती म्हटलेली सुधारली. गुण दुसऱ्या मुलांना कळवताना हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढवून सांगितले. पुढच्या काही अभ्यासांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, पण माझी अडचण ती नाही. त्या प्रयोगात कौतुकाआधी प्रत्येक मुलाला सांगितलं होतं की तुझी निदान ८० टक्के कोडी बरोबर आली. मेहनतीचं कौतुक यशावर आलं होतं. आमच्या वर्गात ते अपयशावर येतं, उत्तेजनार्थ बक्षिसासारखं. स्वतः ड्वेक यांनीच २०१५ मध्ये याबद्दल तक्रार केली होती. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ती आली नाही.

'हुशार' मुलाची वहीही त्याच दिवशी पाहिली. ३२ पैकी १९च गणितं सोडवलेली. मधलं शून्य येणारं एकही नव्हतं. एका जागी कागद इतका खोडलेला की भोक पडलं होतं. "ही सोपी होती, म्हणून नाही केली," म्हणाला. त्याची चूक कुठे आहे हे मला अजून कळलेलं नाही, कारण त्यानं ती वहीत ठेवलेलीच नाही.

मुलीच्या आईला निरोप पाठवला, ती मजुरी बुडवून आली. पंचेचाळीस भागाकार दाखवून काय घडलं ते सांगितलं. तिला किती पटलं कोण जाणे. "पण चुकलंच ना तिचं?" एवढंच म्हणाली.

नोंदवहीत यावेळी लिहिलं: 'नियम स्वतःहून नव्या गणिताला लावते. भागाकारातील मधले शून्य आता लिहिते.' केंद्रप्रमुखांनी वाचून विचारलं, ही नोंद यादीत कुठे आहे?

पुढच्या चाचणीत मधल्या शून्याची पाच गणितं बरोबर आली. ८४० भागिले ४ चं उत्तर मात्र २१. चौकटी नव्हत्या, वेळ जातो म्हणून सोडल्या होत्या. शेवटचं शून्य का लिहिलं नाहीस, विचारलं.

"वाटायला काही उरलंच नाही ना, बाई."

मी नोटांचा डबा पुन्हा काढला.