फरशी उचकटण्यापूर्वी: घरातील छुपी गळती कशी शोधावी

कोल्हापुरात भिंतीला ओल आली की पहिला आरोप पावसावर होतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात तो बहुतेक वेळा खराही असतो. गगनबावड्याकडून सरकत येणारा पाऊस भिंतींना सुकू देत नाही, आणि पंचगंगेच्या काठालगतच्या वस्तीत जमिनीतले पाणी जोत्यापर्यंत चढते. या धामधुमीत पाइपमधून होणारी गळती पावसाच्या नावावर खपून जाते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की छुपी गळती एप्रिल-मे महिन्यांत शोधावी. गच्ची उन्हाने तापलेली असताना एखाद्या भिंतीवरचा डाग ओलाच राहत असेल, तर ते पाणी आभाळातून आलेले नाही, हे निश्चित समजावे.

ओलीचे स्वरूप नीट पाहिले तर ती पुष्कळ काही सांगते. जमिनीतून चढणारी ओल बहुधा भिंतीच्या तळापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत सलग पट्ट्यात दिसते, तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा धरतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. गच्चीतून उतरणारी ओल छताच्या कोपऱ्यातून खाली येते आणि पाऊस थांबला की हळूहळू फिकी पडते. दाबाखालच्या पाइपमधून येणारी ओल मात्र ऋतू पाहत नाही. तिचा डाग भिंतीच्या मध्यभागी कोठेही उमटतो आणि दिवसेंदिवस कडेने वाढत जातो. सांडपाण्याच्या पाइपची ओल वापरानुसार कमीजास्त होते, घर चार दिवस बंद ठेवले की उतरते आणि पुन्हा वापर सुरू झाला की परत येते. एवढा भेद कळला तरी शोधाचे निम्मे काम झाले, असे मी मानतो.

मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराची एक भिंत शेजारच्या काकूंच्या घराशी सामाईक आहे. त्या भिंतीवर ऐन उन्हाळ्यात ओल दिसू लागली तेव्हा काकूंनी मोठ्या मनाने विचारले, “आमच्या न्हाणीची फरशी काढून बघूया का?” मी म्हणालो, “काकू, एक रात्र थांबूया, आधी दोन्ही टाक्या तपासूया.” पेठांमधील घरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की गळती कोणाची, या प्रश्नावरून वर्षानुवर्षांचे संबंध तुटलेले मी पाहिले आहेत. फरशी फोडून संशय फिटत नाही, कारण पाणी जेथे दिसते तेथे ते क्वचितच गळत असते. विटांच्या सांध्यांतून, लिंटेलच्या (दारा-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वरून, फरशीखालच्या कोब्यावरून ते वाट काढत जाते आणि जेथे गिलावा कच्चा असेल तेथे बाहेर पडते.

मी ज्या तपासणीवर सर्वांत अधिक विश्वास ठेवतो, ती टाकीची आहे. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, ते जमिनीखालच्या हौदात साठते, मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तेथून घरभर उतरते. म्हणजे घरातील सर्व पाइपांचा हिशेब त्या एका टाकीत मांडता येतो. रात्री सर्वांची कामे आटोपल्यावर मोटार बंद असल्याची खात्री करावी, टाकीत येणारे पाणी थांबवावे, सर्व नळ आणि फ्लशला पाणी देणारे छोटे अँगल कॉक बंद करावेत, आणि टाकीत काठी उभी धरून पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी कोणीही नळ उघडण्यापूर्वी पुन्हा तीच काठी घालून पाहावे. सुमारे एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर पातळी म्हणजे जवळपास ८ लिटर पाणी असते. रात्रीच्या ८ तासांत पातळी ३ सेंटीमीटर उतरली, तर दिवसाला सुमारे ७० लिटर आणि महिन्याला २,००० लिटरहून अधिक पाणी भिंतीत किंवा जमिनीत मुरत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीतून निघणाऱ्या पाइपांचे व्हॉल्व्ह बंद करून तीच तपासणी करावी. तरीही पातळी उतरली, तर दोष टाकीत, तिच्या निपलमध्ये (टाकीला पाइप जोडणाऱ्या तुकड्यात) किंवा व्हॉल्व्हमध्येच आहे. जुने गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्यासारखे वाटले तरी पाणी सोडत राहतात, त्यामुळे त्यांच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतल्याशिवाय या तपासणीवर विसंबता येत नाही. पातळी स्थिर राहिली, तर पुढच्या रात्री एकेक व्हॉल्व्ह उघडा ठेवावा: एकदा स्वयंपाकघराचा, एकदा न्हाणीचा, एकदा सोलर वॉटर हीटरकडे जाणारा. यात रात्री जातात हे खरे, परंतु हातोडा न उचलता घराचा कोणता भाग दोषी आहे हे कळते. आमच्याकडील टाक्यांनीही हेच सांगितले. काकूंच्या टाकीची पातळी जागची हलली नव्हती, आमची उतरली होती, आणि ती केवळ न्हाणीची लाइन उघडी असतानाच उतरत होती.

अनुभवी प्लंबरने न्हाणीतील मिक्सरमागची एकच टाइल काढली आणि पाइपसाठी भिंतीत खोदलेली झिरी उघडली. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजून तपकिरी झाला होता, आट्यांवर गळती रोखण्यासाठी लावलेले सूत आणि सफेदा कधीच सुकून गेला होता, आणि आट्यांच्या मुळाशी पडलेल्या छिद्रातून सुईएवढी बारीक धार समोरच्या विटेवर आदळत होती. त्या विटेचा रंग आसपासच्या विटांपेक्षा गडद झाला होता आणि बोटाने खरवडताच तिचा चुरा हातात येत होता. ओल दिसत होती ती भिंत तेथून खोलीभर दूर होती.

हौदाची तपासणी वेगळी करावी लागते. नळाचे पाणी बंद करून, मोटार न चालवता, दिवसभर हौदाची पातळी पाहावी. पावसाळ्यात काही घरांत ती उतरण्याऐवजी वाढलेली आढळते, म्हणजे बाहेरचे पाणी तड्यातून हौदात शिरत असते, आणि ही गोष्ट गळतीपेक्षा गंभीर आहे. रस्त्यावरील मुख्य जलवाहिनीला घराचा पाइप जोडणाऱ्या फेरूलपासून घरापर्यंत येणाऱ्या पाइपलाही हाच धोका असतो: पुरवठा चालू असताना तेथून पाणी बाहेर जाते, आणि पुरवठा थांबून दाब गेला की त्याच छिद्रातून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाते. आपल्याच जिल्ह्यातील इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी मोठी साथ आली, ती दूषित पाण्यामुळेच पसरली होती. ज्यांनी ती पाहिली त्यांना या छिद्राचे महत्त्व सांगावे लागत नाही. हा पाइप तपासण्यासाठी नळाला पाणी आलेले असताना हौदावरचा आणि नळांवरचा पुरवठा बंद करावा आणि मीटरकडे पाहावे. त्यातील लहान चक्र तरीही फिरत असेल, तर गळती मीटर आणि हौद यांच्या दरम्यान आहे. पाणी नुकतेच सुटले असताना पाइपमधील हवेमुळेही मीटर फिरतो, म्हणून थोडा वेळ जाऊ द्यावा.

फ्लशच्या टाकीची गळती सर्वांत सहज सापडते आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. टाकीत थोडी नीळ टाकून अर्धा तास फ्लश न वापरता थांबावे. भांड्यात निळा रंग उतरला तर आतला वॉशर बदलायला हवा. सांडपाण्यासाठी न्हाणीच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर बोटभर पाणी साठवावे, खूण करावी आणि एक दिवसाने खालच्या मजल्याचे छत पाहावे. सोलरच्या गरम पाण्याची लाइन फरशीखाली फुटली असेल, तर पहाटे अनवाणी चालताना एक जागा पायाला उबदार लागते, आणि तेवढ्यावरूनही जागा सापडू शकते.

थर्मल कॅमेरा घेऊन येणारे लोक आता शहरात मिळतात. तो कॅमेरा पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दाखवतो. म्हणून गरम पाण्याच्या लाइनसाठी तो उपयोगी आहे, थंड पाण्याच्या जुन्या ओलीसाठी त्याच्या चित्रावर एकट्याने निर्णय घेऊ नये. हायड्रो टेस्टचा पंप लावून लाइनमध्ये दाब भरून दाबमापकाचा काटा उतरतो का, हे पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. मात्र १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण दर चौरस सेंटीमीटरला १ किलो असतो, आणि एकमजली घरातील जुन्या पाइपांनी आयुष्यभर त्याहून कमीच दाब सोसलेला असतो. त्यांच्यावर नव्या पाइपांइतका दाब लावण्याचा आग्रह धरू नये.

काळम्मावाडी धरणापासूनच्या थेट पाइपलाइनसाठी या शहराने वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि २०२३ साली ते पाणी शहरात आले. ५० किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेले पाणी घरातल्या गंजलेल्या एल्बोमधून विटांत मुरावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुरुस्ती झाल्यावर झिरी लगेच सिमेंटने बुजवू नये. लाइन चालू ठेवून काही दिवस जोड उघडा ठेवावा आणि त्याच्या खाली कोरडा कागद लावून रोज पाहावा. भिंत पूर्ण सुकायला महिने लागतात, तोपर्यंत पुट्टी आणि रंग लावल्यास पोपडे पुन्हा सुटतात आणि गळती बंद झाली नाही असा गैरसमज होतो. आणि झिरी बुजवण्यापूर्वी, मोजपट्टी भिंतीला लावून, पाइपचे जमिनीपासूनचे व कोपऱ्यापासूनचे अंतर दिसेल असे छायाचित्र अवश्य काढून ठेवावे.