फुलराणीचा दुसरा डबा

पेशवे पार्कातल्या फुलराणीत मी पहिल्यांदा बसले तो दिवस मला लख्ख आठवतो. दुसऱ्या डब्यातली कडेची जागा, डोक्यावरच्या दोन शेंड्या, त्यांतल्या डावीची सुटत आलेली रिबीन आणि गाडी हलल्यावर मागे सरकू लागलेली झाडे. गेल्या महिन्यात जुन्या अल्बमची पाने शिवणीतून निसटू लागली म्हणून तो डिंक-कात्री घेऊन दुरुस्तीला काढला, तेव्हा कुठे एक साधी गोष्ट ध्यानात आली, की डब्यात बसलेल्या मुलीला स्वतःची रिबीन दिसत नाही. ती दिसते समोर फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला, आणि तिथे आग्फा क्लिक थ्री डोळ्याला लावून बाबा उभे होते. शिवाय माझ्या आठवणीतल्या त्या रिबिनीला रंगही नाही. ती फोटोतल्यासारखीच करडी आहे.

आठवणीत स्वतःलाच बाहेरून पाहण्याच्या या प्रकाराचा अभ्यास जॉर्जिया निग्रो आणि अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला होता. जुन्या आठवणींत हे जास्त घडते असे त्यांना आढळले. माझ्यापुरते मात्र मला वाटते की मी ती जागा बाबांकडून उसनी घेतली आणि परत करायची राहून गेली.

हे सगळे आईला सांगितले तेव्हा ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “फिरलीस कुठं तू गाडीतून? शिट्टी झाली आणि भोकाड पसरलंस. ह्यांनी उचलून खाली घेतलं. तिकिटाचे पैसे वाया गेले, म्हणून चांगलं लक्षात आहे माझ्या.” खात्री करावी म्हणून दादाला फोन केला, तर त्याचे म्हणणे असे की रडून उतरला तो, मी नव्हे. म्हणजे एक फोटो आणि तीन साक्षी, आणि त्यातला फोटो तेवढा गप्प. मी तेव्हा तीन वर्षांची होते, आणि त्या वयाच्या मागचे बहुतेकांना फारसे आठवतच नाही, तेव्हा माझी साक्ष सर्वांत कच्ची धरावी लागेल. तरीही ती झाडे मागे सरकताना मला आजही दिसतात. किम्बर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस जणांना त्यांचे लहानपणचे खरे फोटो दाखवले, आणि त्यांतच ते कधीही न केलेल्या बलून-सफारीचा एक बनावट फोटो मिसळून दिला. तिसऱ्या भेटीपर्यंत निम्म्या लोकांना त्या सफरीचे काही ना काही आठवू लागले होते. आमच्या फोटोत बनावट काहीच नव्हते. गाडी खरी, मुलगी खरी; गाडी सुटली एवढा तपशील बहुधा माझ्या पदरचा.

अल्बमचा पक्षपात मुळात रोलपासून सुरू होत असे. त्या कॅमेऱ्याच्या रोलवर बारा फोटो निघत, त्यामुळे दिवाळीत घातलेला रोल कुणाच्या तरी मुंजीत संपे, आणि एखाद्या साध्या मंगळवारवर फोटो खर्च करण्याची चैन आमच्या घरात कुणी केली नाही. परिणामी माझे सारे बालपण इस्त्रीच्या कपड्यांत गेले आहे. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा हा बाबांचा नियम असल्याने आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन असे. आत्या तर प्रत्येक पानावर कपाळाला आठ्या घालून उभी आहे आणि मी तिला बरीच वर्षे रागीट समजत होते. ती लांब राहायची, वर्षातून एकदा यायची, आणि मधले अकरा महिने माझ्याजवळ त्या आठ्याच असायच्या. बिचारीला फक्त ऊन सहन होत नसे.

रंगीत फोटोंनी वेगळाच घोळ घातला. मावशीच्या लग्नातली आईची साडी मला विटकरी म्हणून पाठ आहे, कारण फोटोत ती तशीच आहे. या वादावर आईने सरळ उठून कपाट उघडले आणि मलमलीत गुंडाळलेली घडी माझ्या मांडीवर ठेवली. साडी मोरपंखी निघाली. घड्यांवर विरलेली होती, पण मोरपंखीच. त्या काळच्या रंगीत फोटोंतला निळसर थर बंद अल्बमच्या अंधारातही आधी उडून जातो आणि उरलेला फोटो तांबूस होत जातो, हे मला ऐकून ठाऊक होते. तरीही साडी हातात धरून पहिला विचार मनात आला तो असा, की ही साडी ती नव्हेच.

आजोबांचा मात्र फोटोच नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरलेल्या पाण्याने जाताना फोटोंची पेटीही नेली. आजोबा त्याआधीच वारले होते. आजी त्यांचे वर्णन करी तेव्हा ते कधी बाबांसारखे दिसत, दादा झाल्यावर दादासारखे दिसू लागले, आणि पुढे आजीच्या मांडीवर जे मूल असेल त्याच्या नाकाडोळ्यांत ते येऊन बसत. पेटी वाचली असती तर त्यांना हे जमले नसते.

अल्बम चिकटवून झाला. एका काळ्या पानावर फोटोचे चार कोपरे तेवढे आहेत, मधला फोटो नाही. आई म्हणते तो दादाच्या मुंजीतला होता. दादाच्या मते सिंहगडावरचा. मी काहीच बोलले नाही, पण दोन-तीन दिवसांपासून मला तिथे एक गाडी दिसू लागली आहे, आणि तिच्या दुसऱ्या डब्यातली कडेची जागा रिकामी आहे.