राउटर सासरी, सिम माहेरचं

माझं माहेर चंदगड तालुक्यात आणि सासर बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप धरणाच्या बाजूला. मधे डोंगराची एक सोंड आणि काजूची झाडं, एवढंच. पण माहेर महाराष्ट्रात, सासर कर्नाटकात. घरात नेट घेताना या एवढ्याशा अंतराने मला किती पळवलं, ते लिहून ठेवते.

मी बेळगावातल्या एका कर सल्लागाराचं काम घरून करते. जीएसटीची विवरणपत्रं भरायची, ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. त्या दिवसांत पोर्टल आधीच दमलेलं असतं. त्यात आपलं नेट गेलं की परत लॉगिन, परत ओटीपी. दीड वर्ष फोनच्या हॉटस्पॉटवर ढकललं. मग मुलाचेही ऑनलाइन क्लास सुरू झाले आणि रोजचा २ जीबी डेटा दुपारीच संपायला लागला.

आधी वायरचं नेट विचारलं. केबलवाला म्हणाला, "वहिनी, आमचा शेवटचा खांब अलीकडच्या गावात हाय. तिथनं पुढं वायर वडायची तर खर्च तुमचा." छतावर यंत्र लावून मिळणाऱ्या ५जी एअरफायबरसाठी पत्ता टाकला, तर आमच्याकडे सेवाच नाही. राहिलं सिमवर चालणारं ४जी राउटर.

या सगळ्यात मी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात बरोबर केली. दुकानात जायच्या आधी घर मोजलं. माझा, नवऱ्याचा आणि मामंजींचा, असे तीन कंपन्यांचे तीन फोन घेतले. रेंजच्या काड्यांवर माझा विश्वास नाही. सेटिंगमध्ये फोनची माहिती, त्यात सिम स्टेटस उघडलं की डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, खरा आकडा दिसतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. सोप्यात उणे ११४. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर पावसासाठी घातलेले पत्रे, दुसरं काय होणार? माजघरात तर फोन नुसताच शोधत बसायचा. परसाकडच्या माळ्यावर मात्र, खिडकीपाशी, माझ्या फोनवर उणे ९६. हा फरक साधा नाही. दर ३ डीबीला शक्ती दुप्पट होते, म्हणजे सोप्यापेक्षा तिथे साठेक पट जास्त. सासूबाई खालून म्हणाल्या, "कांदे तुडवू नको ग, काय मोजायचं ते मोज."

माझ्या फोनमध्ये लग्नाआधीचं, माहेरचं सिम आहे. या गोष्टीकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही.

खडेबाजारातून राउटर आणलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० एमबीपीएस. दुकानदारही तेच दाखवत होता. तो आकडा घरातल्या वायफायचा. सिमकडून येणाऱ्या नेटची मर्यादा मागच्या बाजूला बारीक अक्षरात, १५०. आणि तीही कागदावरचीच, कारण रात्री आठला सगळं गाव फोन घेऊन बसलं की आम्हाला त्यातले सात-आठ मिळाले तरी खूप. मी खोक्यावर एकच बघितलं, मागचे अँटेना काढता येतात की नाही. पुढे खिडकीबाहेर मोठा लावायचा झाला तर ते लागतं.

सिमही बेळगावातच नवीन घेतलं, माझ्याच कंपनीचं. लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ उघडलं, वायफायचं नाव-पासवर्ड बदललं, अर्ध्या तासात नेट सुरू. पेढे आणायचे तेवढे बाकी होते.

दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा, पण नेट नाही. दहा मिनिटांनी आलं. परत गेलं. आठवडाभर हाच खेळ. दुकानदार म्हणाला सिम बदला, सिमवाला म्हणाला राउटर बदला. नवरा माळ्यावर चढून बंद-चालू करत राहिला.

उलगडा झाला तो राउटरमधल्या मेसेजच्या पानावर. सिमला येणारे मेसेज तिथे साठतात हे मला ठाऊकच नव्हतं. उघडलं तर ओळीने सगळे 'महाराष्ट्रात आपले स्वागत आहे' छापाचे! आमच्या माळ्यावरनं दिवसातून सात-आठ वेळा कोणीतरी सीमा ओलांडत होतं. मोबाईल कंपन्यांनी देशाचे भाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. त्या हिशेबात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये आणि चंदगड महाराष्ट्र सर्कलमध्ये. कर्नाटकाची रेंज पडली की सिम डोंगरापलीकडचा टॉवर धरायचं आणि राउटरमध्ये डेटा रोमिंग, म्हणजे आपल्या सर्कलबाहेर नेट वापरायची सोय, बंद असल्यामुळे नेट तिथेच अडायचं. फोनमध्ये ते आधीपासून चालू होतं, म्हणून कधी कळलं नाही. देशातल्या देशात आमच्या प्लॅनला रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, तेव्हा बिनधास्त चालू केलं.

नेट जायचं थांबलं, पण अडखळायचं थांबलं नाही. सिम अधूनमधून आपलं मूळ नेटवर्क शोधायला परत जायचंच. शेवटी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तिथूनच एक सिम घेतलं, म्हणजे डोंगरापलीकडचा टॉवरच त्याचं मूळ नेटवर्क. आधारवरचा पत्ता अजून तिकडचाच आहे, कधी बदलायचा राहिला म्हणून सगळ्यांची बोलणी खाल्ली होती, तो असा उपयोगी पडला. मामंजी हसून म्हणाले, "म्हणजे आता नेट पण तुझ्या माहेरचंच म्हण की."

आता बरं चाललंय. लाइट गेली तरी राउटर चालावं म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. नवीन खोड एकच निघाली. रिचार्ज संपत आल्याचा मेसेजही राउटरमध्येच येतो, आणि माळ्यावर जाऊन तो वाचणार कोण? रिचार्ज २८ दिवसांचा, त्यामुळे तारीख दर महिन्याला मागे सरकते. जानेवारीत ती नेमकी १९ ला आली. २० तारखेला सकाळी ३बी भरायला बसले तर पुन्हा फोनचं हॉटस्पॉट. तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली, राउटरची तारीख पेन्सिलने लिहिते.