बिनशेपटीचा सिंह

आजची अख्खी दुपार एका सिंहाच्या शेपटीत गेली. पोलंड आणि आसपासच्या ज्यू लोकांची कागद कापायची जुनी कला आहे, ती करून बघायची खुमखुमी आली होती. कागद मधोमध दुमडायचा, लाकडी फळीवर ठेवायचा आणि धारदार सुरीने दोन्ही पदर एकदम कापायचे. उलगडलं की समोरासमोर दोन सिंह. माझं ब्लेड शेपटीपाशी घसरलं आणि दोघेही बिनशेपटीचे! एकच चूक, पण भरपाई डबल.

अक्षरांची तऱ्हा आणखी वेगळी. घडीवर हिब्रू अक्षरं कापली तर अर्धी आरशातल्यासारखी उलटी येतात. म्हणून मजकूर कागद उलगडल्यावर कापायचा, नाहीतर सरळ शाईने लिहायचा. ही अक्कल तिसरा कागद फुकट गेल्यावर आली.

१९व्या शतकात हे काम बहुतेक पुरुष आणि शाळकरी मुलगे करायचे. शावुओतच्या सणाला खिडकीच्या काचांवर चिकटवायची ती 'रॉयझेलेख', म्हणजे छोटी गुलाबं. प्रार्थनेसाठी जेरुसलेमची दिशा दाखवायला भिंतीवर लावायचा तो 'मिझराह', म्हणजे पूर्व. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना मात्र जेरुसलेम पश्चिमेला!)

यातलं फार थोडं उरलंय. आधीच कागद, त्यात दुसरं महायुद्ध. कापणारी माणसंच मारली गेली, भिंतीवरचा कागद कोण सांभाळणार?

माझा सिंह फ्रिजवर लावलाय. आई म्हणाली, "मांजर छान जमलंय हो."