पोस्टातला फ्रँकी आणि माझ्याकडचे पोहे

रविवारी सकाळचे साडेसात. उप्सालातल्या माझ्या स्वयंपाकघरात एक स्वीडिश मनुष्य डाव्या घोट्यावर फ्रीझरमधल्या मटारची पिशवी ठेवून कांदेपोहे खातोय. शेजारी त्याची डान्स पार्टनर, मूळची फ्रेंच, टेबलावर वर्तमानपत्र पसरून बुटाच्या तळाला सुएडचा, म्हणजे खरखरीत मऊ चामड्याचा, नवा तुकडा चिकटवतेय. रबरी तळ जमीन धरून ठेवतो, मग गिरकीत सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुळगुळीत चामड्याचा घेतला तर एखाद्या हॉलमध्ये घसरगुंडी. म्हणून सुएड, आणि तोही काही महिन्यांत झिजतो.

हे दोघं लिंडी हॉप शिकवतात, म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधला जॅझवरचा जोडीचा नाच. आमचा इथला क्लब म्हणजे आपल्याकडच्या गणेश मंडळासारखाच प्रकार: वर्गणी, खजिनदार, खुर्च्या कोणी लावायच्या यावरून रुसवेफुगवे. बाहेरून शिक्षक बोलावले की हॉटेल परवडत नाही, मग सभासदांच्या घरी उतरवतात. यंदा माझा नंबर लागला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. मी फोन फिरवून पाहुणे दाखवले. त्यांनी हात हलवला. आईनेही हलवला आणि मराठीत हळूच विचारलं, "अगं, ते सगळं ठीक आहे, पण पोटापाण्याला काय करतात?"

हेच की, म्हटलं. तिला पटलं नाही.

प्रश्न मात्र तिने नेमका विचारला होता. या नाचातला सगळ्यात मोठा माणूस फ्रँकी मॅनिंग, त्याला या प्रश्नाचं उत्तर तीस-बत्तीस वर्षं पोस्टात द्यावं लागलं. जन्म 1914 चा. हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या काळ्यांच्या वस्तीत, लेनॉक्स अव्हेन्यूवर 140 आणि 141 व्या रस्त्यांच्या मधे सॅव्हॉय बॉलरूम हा नाचाचा हॉल होता. 1926 साली सुरू झालेला, आणि गोरे-काळे एकाच फरशीवर नाचू शकत अशी त्या काळातली दुर्मीळ जागा. फ्रँकी तिथलाच. जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून टाकायची पहिली एअर स्टेप त्याची आणि फ्रीडा वॉशिंग्टनची, 1935 मधली. सॅव्हॉयचा बाउन्सर हर्बर्ट व्हाइट याने तिथल्या चांगल्या पोरापोरींची मंडळी बांधली, आणि ती हॉलिवूडपर्यंत पोचली. 1941 च्या एका चित्रपटातला त्यांचा नाच आम्ही आजही थांबवून-थांबवून बघतो. जगात तेव्हा त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं, पण ती काळी माणसं, म्हणून पडद्यावर अंगावर कपडे कुणाचे? स्वयंपाक्याचे, मोलकरणीचे, गडीमाणसांचे.

मग युद्ध आलं, फ्रँकी सैन्यात गेला. परत येऊन त्याने छोटा गट काढला, पण लोकांची आवड बदलली होती. 1955 मध्ये गट मोडला आणि फ्रँकी पोस्टात लागला. सॅव्हॉय 1958 मध्ये बंद झाली, पाडली, तिथे इमारती उठल्या. 1986 मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन तरुण नर्तकांनी त्याला शोधून फोन केला तेव्हा नाचणारा फ्रँकी मॅनिंग तो मी नव्हे, मी पोस्टातला, असं त्याने सांगितलं म्हणतात. शेवटी शिकवायला तयार झाला. 1989 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एका कार्यक्रमाच्या नृत्यदिग्दर्शनासाठी टोनी या नाट्यपारितोषिकात वाटा मिळाला. त्यानंतर 2009 मध्ये जाईपर्यंत हा म्हातारा जगभर बॅग घेऊन हिंडला.

स्वीडनचा यात मोठा हात आहे. इथल्या वेड्यांनी 1984 मध्ये सॅव्हॉयच्याच अॅल मिन्स या नर्तकाला स्टॉकहोमला आणून शिकून घेतलं. बरं झालं वेळेत आणलं, पुढच्याच वर्षी तो गेला. हेरेंग हे लोखंडाच्या खाणीचं जुनं गाव. 1982 पासून उन्हाळ्यात तिथे शिबिर भरतं आणि जगभरातून माणसं येतात. फ्रँकीही यायचा. नॉर्मा मिलरही यायची. लहानपणी सॅव्हॉयच्या मागच्या बाजूला राहणारी, खिडकीतून बँड ऐकत वाढलेली ही बाई. नाचाची कामं आटल्यावर तिने लोकांना हसवायचा धंदा धरला. 2019 मध्ये गेली तेव्हा 99 वर्षांची होती.

आमच्या नाचाच्या गाण्यातली ट्रम्पेटं जोरात लागली की मला हमखास सी. रामचंद्र आठवतात, आणि ते अगदीच उगाच नाही. 1935 साली लिऑन अॅबीचा बँड हार्लेमचं हे संगीत घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला होता. पुढे हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट याच सी. रामचंद्र चितळकरांसोबत काम करत असे. असो.

तर पाहुण्यांचं पोटपाणी. शुक्रवारी दुपारी विमान किंवा ट्रेन, शनिवार-रविवार दिवसाला पाच-सहा तास शिकवणं, रात्री पार्टीत ज्याने विचारलं त्याच्याशी नाचणं (शिक्षकांनी नाही म्हटलं की चर्चा होते), सोमवारी घरी. मानधन वीकेंडचं. मधले दिवस बिनपगारी, त्यात नवे स्टेप बसवायचे, हिशेब आणि कर स्वतः भरायचा. आजारपणाची रजा कोण देणार? मार्च 2020 मध्ये चार दिवसांत त्यांच्या अख्ख्या वर्षाच्या तारखा रद्द झाल्या. तो तेव्हा दुकानाच्या गोदामात लागला. तिने ऑनलाइन क्लास चालवले, म्हणजे दिवाणखान्यात एकटीने जोडीचा नाच.

बूट उलटा धरून तिने अजून एक गोष्ट सांगितली. सुरुवातीला वर्गात तो बोलायचा आणि ती फक्त करून दाखवायची. प्रश्नही त्यालाच. आता त्यांनी ठरवलंय, निम्मा वेळ ती बोलते, आणि लीडही करते, म्हणजे नाचात जोडीदाराला ती नेते. तरी एखादा आयोजक ईमेल त्यालाच पाठवतो, पैशांचं बोलायचं असलं की विशेष करून. शिवाय जोडी फुटली की दुकान फुटतं. नवरा-बायको असतील तर दुप्पट पंचाईत. हे दोघं नवरा-बायको नाहीत, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. वर्गात फ्रँकीचं नाव आम्ही देवासारखं घेतो, त्याच्या वाढदिवशी, 26 मे ला, केक कापतो. पण आमच्या क्लबने बोलावलेल्या शिक्षकांत हार्लेमचं कोणी आठवत नाही. विमानाचं तिकीट महाग पडतं, हे खजिनदाराचं उत्तर. खजिनदार मीच आहे.

संध्याकाळी साडेपाचची गाडी होती. घोटा बांधून तो वर्ग संपवून आला, लंगडत. मी पोह्यांचा डबा दिला, तिने तो बुटांच्या पिशवीतच कोंबला, सुएडवर. पुढचा शनिवार हॅम्बुर्ग. टेबलावर वर्तमानपत्रातून झिरपलेला गोंदाचा डाग राहिलाय, चाकूने खरवडून बघितला, निघत नाही.